पोपटाच्या घरट्याची पेटी: बेळगावात मिळणाऱ्या चार प्रकारांची पारख

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. झाडावर टांगायला पेटी हवी असेल तर वखारीतून फणसाची किंवा सिल्व्हर ओकची फळी घ्यावी आणि सुताराकडून करून घ्यावी. पक्ष्यांच्या दुकानात तयार मिळणारी प्लायवूडची पेटी उघड्यावर टिकत नाही. पीव्हीसी पाइपची पेटी दुरुस्तीशिवाय वापरण्याजोगी नाही. मडकं पोपटासाठी नव्हेच. आणि वर्षातून दोनदा शिडी लावून पेटी कोण उघडणार हे घरात ठरलं नसेल, तर यांतली एकही विकत घेऊ नका.

ही पारख मॉरिशसच्या मापानं केली आहे. पोपटासाठी पेटी लावणं म्हणजे नेमकं काय काय करणं, याचा धडा त्या बेटानं फार महागात घेतला. तिथला एको पॅराकीट आपल्या कंठवाल्या पोपटाचा सख्खा चुलतभाऊ. तोच हिरवा रंग, नराच्या गळ्याला तसाच कंठ, तशीच लाल चोच. फक्त अंगानं जाडसर, शेपूट आखूड, पंख रुंद, आणि मादीची चोच काळी. जगात तो त्या एकाच बेटावर आहे. शेजारच्या रियुनियनवरचे त्याचे भाईबंद अठराव्या शतकातच संपले. रॉड्रिग्ज बेटावरचा न्यूटनचा पोपट १८७५ नंतर कुणाला दिसलेला नाही. मॉरिशसचा हा एवढा उरला, आणि १९८०च्या दशकात तोही आठ ते बारा पक्ष्यांवर येऊन ठेपला होता.

असं का झालं, हे पेटी घेणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवं. बेटावरचं मूळ जंगल ऊस आणि चहाच्या लागवडीखाली गेलं. धड म्हणावं असं मूळ रान आता दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. पोपट स्वतः ढोली कोरत नाही, त्याला जुन्या, पोकळ झालेल्या मोठ्या झाडांचीच गरज लागते. अशी झाडं आधीच विरळ, त्यात १९६०चं कॅरोल, १९७५चं जर्व्हेझ अशा चक्रीवादळांनी ती मोडली. खाली नवं झाड वर येईना, कारण बाहेरून आणलेल्या स्ट्रॉबेरी पेरूनं जमीन व्यापली. उरलेल्या ढोल्यांत जहाजांतून आलेले काळे उंदीर अंडी खायचे. माणसांनी आणून सोडलेली माकडं पिल्लं ओढून काढायची आणि रानातली फळं पिकायच्या आधीच ओरबाडायची. अन्न कमी पडल्यानं दोन-तीन पिल्लांतलं बहुतेक एकच जगायचं. घरट्यातल्या माश्यांच्या अळ्या पिल्लांचं रक्त पीत, तो त्रास वेगळाच.

आणि या सगळ्यात भर घातली ती आपल्याकडच्या दोन ओळखीच्या पक्ष्यांनी. साळुंकी १७६२ साली टोळांवर उपाय म्हणून भारतातून तिकडं नेली. कंठवाला पोपट १८८६च्या सुमारास पोचला आणि रुजला. दोघंही ढोलीत घरटं करणारे, दोघंही आक्रमक, दोघांनाही माणसांच्या वस्तीत राहायला आवडतं. आपल्या शिवारात मक्याच्या कणसावर गोफण फिरवून हाकलतो तो हाच पोपट त्या बेटावर मूळ रहिवाशाला घराबाहेर काढत होता.

जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन, वन्यजीव वाचवणारी ड्युरेल संस्था आणि तिथलं सरकार यांनी मिळून काम केलं, तेव्हा पेटी हा त्यातला एक भाग होता, सगळं काम नव्हे. ढोलीच्या झाडाला गुळगुळीत पीव्हीसीचा पत्रा गुंडाळला, म्हणजे उंदराची नखं रुतत नाहीत. माकडाला उडी मारता येईल अशा फांद्या छाटल्या. ढोलीत पाणी साचत असेल तर तळाला भोक पाडून निचरा केला. उंदरांसाठी विष ठेवलं, माश्यांसाठी भुकटी वापरली. घरट्यात एकच पिल्लू आईबापांकडं ठेवून जादा पिल्लं हातानं वाढवली, नाहीतर ज्यांची अंडी फळली नव्हती अशा जोडीच्या पोटाशी दिली. रानात खाद्याचे डबे लावले. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान झालं. एवढं केल्यावर २००७ मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली आला आणि २०१९ मध्ये आणखी एक. तेव्हा साडेसातशेच्या आसपास पक्षी होते. याच ब्लॅक रिव्हर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं आहेत, हे इकडं फार जणांना ठाऊक नसतं.

आता दुकानातल्या मालाकडं वळू.

प्लायवूडची पेटी सगळीकडं मिळते. कॉकाटील किंवा लव्हबर्डसाठी बनवलेली असते, आणि घरातल्या पिंजऱ्याला लावायला ती ठीक आहे. पण विकणारा ‘बाहेर पण चालते’ म्हणाला तर एक गोष्ट तपासा: कडेवर प्लायचे थर मोजा आणि जाडी बघा. बहुतेक पेट्या ६ मिमीच्या, साध्या एमआर प्रतीच्या असतात. ही प्रत दमट हवेपुरती, पाऊस झेलण्यासाठी नव्हे. आपल्याकडं जूनच्या मध्याला सुरू झालेली झड खानापूर-जांबोटीकडं सप्टेंबरपर्यंत हटत नाही. त्यात थर सुटतात, तळ फुगतो आणि पहिल्या पावसाळ्यातच खिळे बाहेर डोकं काढतात. आयएस ७१० शिक्क्याचा, उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय पाण्याला तग धरेल, पण दुसरी अडचण राहतेच. पोपट घरटं लावण्याआधी आतलं लाकूड कुरतडतो. मादीला त्याची गरज असते. प्लाय कुरतडला की थरांमधला डिंक पोटात जातो. शिवाय पातळ भिंतीमुळं एप्रिलच्या उन्हात आतली हवा तापते. नेमकी तेव्हाच पेटीत पिल्लं असतात.

आणखी एक खोट बघून ठेवा. मागं तारेची जाळी लावून ‘पिल्लांना चढायला शिडी’ म्हणून दाखवतात. जस्ताचा मुलामा दिलेली ती जाळी पोपट चोचीनं ओरबाडतो. जस्त त्याला विषारी. पिल्लाचं नख त्यात अडकलं तर पाय मुरगळतो. जाळी काढून टाकायची आणि भोकाखालच्या भिंतीवर आतून आडव्या लाकडी पट्ट्या, दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतरानं, ठोकायच्या. भोकाखाली बाहेर जी गोल दांडी असते तीही काढा. पोपटाला तिची गरज नाही, तो कडेला पंजा रोवून आत शिरतो. दांडीचा उपयोग होतो तो साळुंकीला आणि कावळ्याला.

पीव्हीसी पाइपची पेटी अलीकडं दिसू लागली आहे. आठ इंची पाइपचा तुकडा, दोन्ही बाजूंना टोपण, मध्ये भोक. कुजत नाही, वाळवी लागत नाही, धुवायला सोपी. रोगाच्या दृष्टीनं तर ती लाकडापेक्षा चांगली, कारण गुळगुळीत भिंत पूर्ण निर्जंतुक करता येते. पण आतून इतकी गुळगुळीत की पिल्लू वर चढूच शकत नाही, आणि श्वासाची वाफ भिंतीवर थेंब होऊन तळाशी उतरते. ‘मॉरिशसमध्येसुद्धा पीव्हीसी वापरतात’ असं सांगून ती विकली जात असेल तर लक्षात ठेवा, उंदरासाठी झाडाला गुंडाळलेलं पीव्हीसी आणि पक्ष्याच्या घरट्याचं पीव्हीसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घेतलीच तर आतून लाकडी पट्ट्या बसवा, वरच्या टोपणाखाली दोन्ही बाजूंना १० मिमीची तीन-तीन भोकं पाडा, तळाला चार, आणि दिवसभर सावली असेल तिथंच टांगा. गावात सावलीचं झाड असेल तरच, माळावर नाही.

मडक्याबद्दल थोडक्यात. खानापूरच्या मातीचं मडकं थंड राहतं, हवा खेळती राहते. बजरीगर या छोट्या पाळीव पोपटासाठी उत्तम आहे. पोपटाला ते लहान पडतं, आत कुरतडायला काही नसतं, आणि आत काय चाललंय ते फोडल्याशिवाय कळत नाही.

खरी गोष्ट सुताराच्या पेटीची. तिथं माल चांगला मिळतो, पण माप सांगायचं काम आपलं. सुताराला ‘पोपटाची पेटी’ एवढंच सांगितलं तर तो दिसायला देखणी, उतरत्या कौलारू छपराची, बुटकी पेटी करून देतो. तसं नको. आतून २२ बाय २२ सेंटिमीटर, उंची ६०. भोक ६ ते साडेसहा सेंटिमीटर व्यासाचं, त्याचा मध्य वरून १२ सेंटिमीटरवर. तळाला ८ सेंटिमीटर रंध्याची सालपटं घातल्यावर भोकापासून अंड्यापर्यंत ४० सेंटिमीटर खोली उरते. ही खोली सजावटीसाठी नाही: वानरानं किंवा माकडानं हात घातला तरी तो तळापर्यंत पोचू नये म्हणून आहे. दुकानातल्या पेट्या यातच मार खातात. भोक मोठं आणि खोली वीतभर.

लाकडाचा हिशेब असा. भिंतीची जाडी २० मिमी धरली तर अशा एका पेटीला साधारण आठ चौरस फूट फळी लागते, म्हणजे जेमतेम अर्धा घनफूट. कटाईत वाया जाणारं धरून पाऊण घनफूट सांगावं. वखारीत फळी एक इंची मागा; रंधा मारल्यावर २० मिमी हातात उरते. फणस पावसाला टिकतो आणि कुरतडायला फार कठीण जात नाही. सिल्व्हर ओक स्वस्त पडतो, हलका असतो, पण त्याला बाहेरून दरवर्षी तेल द्यावं लागतं. सागवान उत्तम, पण पोपटाच्या पेटीसाठी ती उधळपट्टी आहे. ऐन, ज्याला इकडच्या वखारीत मत्ती म्हणतात, तो जड आणि स्क्रू घालताना टोकाला चिरणारा, नकोच. आंब्याची फळी स्वस्त म्हणून घेऊ नका, तिला भुंगा लवकर लागतो.

जोडणी स्क्रूनं करायची, खिळ्यांनी नाही, कारण पेटी पुन्हा उघडावी लागते. दीड इंची पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. तळाची फळी भिंतींच्या आत बसवावी. खालून ठोकली तर भिंतीवरून ओघळणारं पाणी फटीतून आत येतं. तळाला ८ मिमीची चार भोकं. छप्पर पुढं उतरतं, भोकाच्या बाजूला निदान ६ सेंटिमीटर बाहेर आलेलं, वर पत्र्याचा तुकडा. एका बाजूला तळापासून १० सेंटिमीटर वर तपासणीचं दार, बिजागरीवर, आणि त्याला साधी कडी नको: माकड कडी सहज काढतं. स्क्रूनं आवळायची पट्टी लावा. भोकाभोवती पत्र्याची चकती बसवली तर खार ते कुरतडून मोठं करत नाही. चकतीची धार मात्र कानशीनं घासून घ्या.

एक सूचना सुताराला आधीच, स्पष्ट शब्दांत द्या. वाळवी लागू नये म्हणून पेटीला आतबाहेर काळं ऑइल फासायची त्याची सवय असते. गाडीतून काढलेलं ते ऑइल पिल्लांच्या फुफ्फुसाला घातक आहे. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात, आणि आतून काहीही नाही. ऑइल लागलेली पेटी परत करा; ते घासून निघत नाही.

तयार पेटीचं वजन आठ-नऊ किलोपर्यंत जातं. त्यामुळं एका खिळ्यावर लटकवून भागत नाही. जाड तार रबरी नळीच्या तुकड्यातून ओवून खोडाभोवती दोन जागी बांधावी, आणि दरवर्षी थोडी सैल करावी. नाहीतर झाडाचं खोड तार गिळतं. जमिनीपासून चार ते सहा मीटर. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला. आपल्याकडं पाऊस आणि वारा नैर्ऋत्येचा, त्या बाजूला तोंड केलं तर कितीही चांगलं छप्पर असलं तरी आत पाणी जातं. खोडाला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ६० सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा, आणि शेजारच्या भिंतीवरून, विजेच्या तारेवरून किंवा दुसऱ्या झाडावरून येणारी वाट दोन-तीन मीटरपर्यंत तोडा. नुसता पत्रा लावून वरची फांदी तशीच ठेवली तर पत्र्याचा खर्च पाण्यात. उंदीर वरून येतो.

तळाला रंध्याची सालपटं घालायची. आरागिरणीचा बारीक भुसा नको. तो ओला झाला की गोळा होतो, बुरशी धरतो. सालपटं सुताराकडून घेताना ती प्लायची किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाची नाहीत हे बघून घ्या.

पेटी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वर गेली पाहिजे. कंठवाल्या पोपटाची जोडी डिसेंबरपासून जागा हुडकायला लागते. अंडी उबवायला बावीस ते चोवीस दिवस आणि पिल्लं उडायला त्यापुढं सहा-सात आठवडे. या काळात पेटी उघडायची नाही. कंठवाला पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा, आणि अंडी-पिल्लांना हात लावणंही. मॉरिशसमध्ये घरट्यात हात घालतात ते परवानगी असलेले प्रशिक्षित लोक. दुकानदार पेटीबरोबर ‘एक जोडीपण मिळेल’ असं सुचवत असेल तर पेटीही तिथून घेऊ नका.

मे अखेरीस पिल्लं उडाल्यावर पहिली सफाई, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात दुसरी. मधल्या काळात आत कुणीही असू शकतं. खानापूरकडच्या भागात सातेरी मधमाश्या पेटी धरतात. मग त्या वर्षी पेटी त्यांची. धूर करून हाकलू नका. साळुंकी आली तर आत काड्या, पिसं, प्लास्टिकचे तुकडे कोंबलेले सापडतील. इकडं ती मूळची रहिवासी आहे, तिला राहू द्यावं. पिंगळाही येतो. शिडीवर चढल्यावर आधी पेटीवर टकटक करा आणि दार किंचितच उघडा, आत साप नाही याची खात्री होईपर्यंत हात घालायचा नाही.

किडे दिसले म्हणून शेतातली भुकटी टाकायचा मोह होतो. मॉरिशसला माश्यांच्या अळ्यांवर कार्बारिल हे कीटकनाशक वापरलं गेलं, हे वाचून कुणी गोठ्यात पडलेली सेव्हिनची, म्हणजे त्याच औषधाची, जुनी पुडी काढेल. भारतात कार्बारिलवर २०१८ पासून बंदी आहे. सालपटं काढून पोत्यात भरून जाळा, पेटीत उकळतं पाणी ओता, दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. एवढं पुरतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते रोगाबद्दल. एको पॅराकीट सावरत असतानाच २००५च्या सुमारास त्यांच्यात चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग पसरला. पिसं वेडीवाकडी येतात, गळतात, चोच ठिसूळ होते, प्रतिकारशक्ती जाते, उपचार नाही. जगभर पाळीव आणि रानटी कंठवाल्या पोपटांत हा विषाणू सापडलेला आहे. तो पिसांच्या धुळीतून आणि विष्ठेतून पसरतो. एकाच पेटीत वर्षामागून वर्ष घरटी आणि एकाच डब्यात सगळ्यांचं खाणं, ही पक्षी वाचवणारी सोयच रोगाला वाट करून देते. विषाणूला बाहेरचं तेलकट आवरण नसतं, म्हणून डेटॉल, फिनेल, स्पिरिट यांनी तो मरत नाही. कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटवर आधारित जंतुनाशक पूड मिळते. लिटरला १० ग्रॅम, आधी घाण पूर्ण खरवडून मग फवारायचं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. पीव्हीसीवर हे नीट लागू पडतं. लाकडाच्या रंध्रांत पूर्ण पोचत नाही.

त्यामुळं आपल्याकडं ही बंधनं पाळावीत. घरात परदेशी पोपट, लव्हबर्ड, कॉकाटील पाळले असतील तर त्याच अंगणात रानातल्या पोपटांसाठी पेटी किंवा खाण्याची ताटली लावू नये. आणि पिंजऱ्यातली जुनी पेटी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून झाडावर तर मुळीच टांगू नये. आजारी पक्ष्याची लाकडी पेटी जाळायचीच.

आणखी एक बंधन जागेचं. बेळगाव शहर, निपाणी, चिकोडी, खानापूर रस्ता, जिथं रुंदीकरणात जुनी वड-आंब्याची झाडं गेली, तिथं अशा पेटीला अर्थ आहे. पण कणकुंबी, चोर्ला, भीमगडच्या रानाच्या कडेला ६ सेंटिमीटर भोकाची पेटी लावू नका. तिथं सह्याद्रीपुरताच आढळणारा निळ्या पंखांचा पोपट ढोल्यांत राहतो, आणि टोई पोपटही. कंठवाल्याला रानाच्या तोंडाशी आयतं घर देणं म्हणजे त्याला या दोघांच्या ढोल्यांपर्यंत नेऊन सोडणं. त्या पट्ट्यात एखाद्याला पेटीवर पैसे घालायचेच असतील, तर ते बांधावरचं जुनं पोकळ झाड वखारवाल्याला न विकण्यावर घालावेत.